मराठी मजकुरातील इमोजी

इमोजी ही डिजिटल मजकुरात अक्षरांच्या बरोबरीने, त्याच ओळीत लिहिली जाणारी चित्रचिन्हे होत. दिसायला ती चित्रे असली तरी संगणकाच्या लेखी ती अक्षरेच असतात. प्रत्येक इमोजीला युनिकोड या आंतरराष्ट्रीय मानकात एक किंवा अधिक संकेतांक दिलेले असतात. त्यामुळे इमोजी अक्षराप्रमाणे निवडता, उतरवता, शोधता व खोडता येते. तिचे प्रत्यक्ष रूप मात्र वाचणाऱ्याच्या उपकरणातील फाँट ठरवतो. म्हणून एकाने पाठवलेले हसरे तोंड दुसऱ्याच्या पडद्यावर थोडे निराळे दिसते.

देवनागरी लिपीही याच युनिकोड मानकात आहे. इमोजी व मराठी यांचा संबंध एका मानकात असण्यापुरता मर्यादित नाही. स्त्री शेतकऱ्याची इमोजी ज्या अदृश्य चिन्हाने जोडली जाते, तेच चिन्ह मराठीतील अर्धा र म्हणजे चंद्रकोरीसारखा रफार लिहिण्यासाठीही वापरले जाते. मोडी लिपीची अक्षरे युनिकोडच्या ज्या वरच्या विभागात आहेत, त्याच विभागात बहुतेक इमोजी आहेत. एखादे संकेतस्थळ किंवा ॲप इमोजी नीट हाताळत नसेल, तर ते मराठी मजकूरही कोठे तरी बिघडवत असण्याची शक्यता असते. प्रस्तुत लेखात इमोजी शोधण्याच्या व लिहिण्याच्या पद्धती, वेबपृष्ठावरील त्यांची मांडणी आणि त्या ओघात मराठी मजकुराला होणारे अपाय यांची माहिती दिली आहे.

नाव आणि पूर्वपीठिका

‘इमोजी’ हा जपानी शब्द आहे. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. भावना या अर्थाच्या ‘इमोशन’ या इंग्रजी शब्दाशी असलेले त्याचे साम्य योगायोगाचे आहे. विरामचिन्हे जुळवून केलेले :-) यासारखे चेहरे इमोजीहून वेगळे असून त्यांना ‘इमोटिकॉन’ म्हणतात. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी विद्यापीठाच्या सूचनाफलकावर ते सुचवले होते.

जपानमधील जे-फोन या कंपनीने १९९७ मध्ये एका भ्रमणध्वनीत ९० चित्रचिन्हे दिली. १९९९ मध्ये एनटीटी डोकोमो कंपनीच्या आय-मोड सेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चिन्हांचा संच तयार केला. त्यातील प्रत्येक चिन्ह उभ्या-आडव्या बारा-बारा ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेले होते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये हा संच आपल्या संग्रहात घेतला. या संचांची अडचण अशी होती की प्रत्येक कंपनीचे क्रमांक वेगळे असत. एका कंपनीच्या ग्राहकाने पाठवलेले चित्र दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला भलतेच दिसे किंवा दिसतच नसे.

मराठीत संगणकावर लिहिणाऱ्यांनी हीच अडचण वेगळ्या रूपात अनुभवली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी इत्यादी फाँटांमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो विशिष्ट फाँट समोरच्या संगणकावर नसेल तर संपूर्ण पत्र रोमन अक्षरांच्या निरर्थक ओळींसारखे उमटे. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्येही बरीच वर्षे असाच प्रकार घडत असे. इमोटिकॉन टंकल्यावर आउटलुक त्याजागी विंगडिंग्ज या फाँटातील हसरा चेहरा ठेवी. तो चेहरा वस्तुतः रोमन ‘जे’ या अक्षराच्या जागी होता. त्यामुळे विंगडिंग्ज नसलेल्या वाचकाला वाक्याच्या शेवटी एक एकाकी ‘जे’ दिसे.

ऑक्टोबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड ६.० या आवृत्तीत जपानी कंपन्यांच्या संचांमधील ७२२ इमोजींची युनिकोडशी सांगड घातली गेली. भारतीय रुपयाचे ₹ हे चिन्हही याच आवृत्तीत आले. त्याचा आराखडा मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत संशोधन करणाऱ्या डी. उदयकुमार यांचा होता आणि भारत सरकारने तो १५ जुलै २०१० रोजी स्वीकारला होता. आज इमोजींची संख्या साडेतीन हजारांहून अधिक आहे.

संकेतांक आणि त्यांचे वजन

युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक मिळाले आहेत. उदाहरणार्थ, ‘म’ हा २३५० व्या जागी आहे. पहिल्या ६५,५३६ जागांना मूळ बहुभाषिक पातळी म्हणतात. जगातील बहुतेक प्रचलित लिप्या याच पातळीत आहेत. ❤ (१००८४) यासारखी काही जुनी चिन्हे सोडली, तर इमोजी या मर्यादेपलीकडे आहेत. 🙏 हे चिन्ह १,२८,५९१ व्या आणि 🐱 हे १,२८,०४९ व्या जागी आहे.

प्रत्यक्ष साठवणुकीत या फरकाचे परिणाम दिसतात. बीड जिल्ह्यातील, धुळे–सोलापूर महामार्गावरील मांजरसुंबा या गावाचे नाव उदाहरण म्हणून घेता येईल. वाचताना त्यात मां, ज, र, सुं, बा अशी पाच अक्षरे आढळतात. संगणक मात्र म, काना, अनुस्वार, ज, र, स, उकार, अनुस्वार, ब, काना असे दहा संकेतांक साठवतो. वेबवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी संकेतांकाला तीन बाइट लागतात. म्हणजे गावाचे नाव तीस बाइटांचे होते. त्यापुढे 🐱 जोडल्यास आणखी चार बाइट लागतात. विश्वकोशातील मराठी लेखाचा दुवा उतरवून दुसरीकडे चिकटवल्यावर तो टक्केचिन्हांच्या लांबलचक माळेत बदलतो, त्याचे कारण हेच आहे. प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जात असल्याने ‘मांजरसुंबा’ एवढ्या शब्दाची त्या माळेत नव्वद चिन्हे होतात.

लघुसंदेशांच्या म्हणजे एसएमएसच्या बाबतीत हिशेब निराळा असतो. रोमन लिपीतील संदेशात १६० चिन्हे मावतात. देवनागरी किंवा इमोजी यांपैकी काहीही आले की ही मर्यादा ७० वर येते. मराठीत लिहिणारा सुरुवातीपासून ७० च्या मर्यादेतच असल्याने त्याला एका इमोजीसाठी केवळ दोन जागा द्याव्या लागतात. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्याने शेवटी एक 🙏 जोडला, तर त्याचा शंभर चिन्हांचा एकसंध संदेश मात्र एकदम दोन संदेशांचा होतो. ग्राहकांना घाऊक संदेश पाठवणाऱ्या पतसंस्था किंवा शाळा यांच्या दृष्टीने हा दुप्पट खर्च असतो.

इमोजीपाशी तुटणारा मजकूर

इमोजीमुळे मराठी मजकुराचे सर्वांत मोठे नुकसान डेटाबेसमध्ये झाले आहे. अनेक संकेतस्थळे मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरतात. त्यातील ‘यूटीएफ८’ नावाची व्यवस्था नावाप्रमाणे पूर्ण नव्हती. तिच्यात प्रत्येक संकेतांकाला जास्तीत जास्त तीन बाइटच मिळत. देवनागरी तीन बाइटांत बसत असल्याने मराठी संकेतस्थळे वर्षानुवर्षे निर्वेध चालली आणि उणीव कोणाच्या लक्षात आली नाही. पुढे भ्रमणध्वनीवरून लिहिणारे लोक वाक्याच्या मध्यभागी इमोजी टाकू लागले. चार बाइटांचा संकेतांक समोर येताच डेटाबेस, त्याच्या मांडणीनुसार, दोहोंपैकी एक गोष्ट करी. तो एक तर संपूर्ण मजकूर नाकारी, किंवा इमोजीपर्यंतचा भाग साठवून पुढचा भाग गुपचूप टाकून देई. दुसरा प्रकार अधिक घातक होता. ‘नमस्कार 🙏’ अशी सुरुवात केलेल्या दीर्घ पत्राचा केवळ ‘नमस्कार’ एवढाच भाग शिल्लक राही आणि लिहिणाऱ्याला चुकीची सूचनाही मिळत नसे.

यावर उपाय म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’ ही चार बाइटांची व्यवस्था २०१० मध्ये मायएसक्यूएलच्या ५.५.३ या आवृत्तीत आली. २०१८ मधील ८.० या आवृत्तीपासून ती पूर्वनिर्धारित झाली. वर्डप्रेसने एप्रिल २०१५ मध्ये ४.२ या आवृत्तीद्वारे तिचा अवलंब केला. जुन्या संकेतस्थळांवर मात्र केवळ आवृत्ती बदलून भागत नाही. आधीची कोष्टके रूपांतरित करावी लागतात आणि डेटाबेसशी होणारी जोडणीही नव्या व्यवस्थेत आहे याची खातरजमा करावी लागते. पूर्वी गळून गेलेला मजकूर या रूपांतराने परत मिळत नाही.

ही दुरुस्ती करमणुकीच्या चिन्हांपुरती आहे असे समजणे चुकीचे ठरेल. मोडी लिपी जून २०१४ मध्ये युनिकोड ७.० या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिची अक्षरे ७१,१६८ या क्रमांकापासून सुरू होतात. म्हणजे तीही मूळ पातळीच्या पलीकडे आहे आणि तिच्या प्रत्येक अक्षरालाही चार बाइट लागतात. जी व्यवस्था इमोजीपाशी अडखळते, ती मोडी कागदपत्राच्या युनिकोड प्रतीपाशीही अडखळते. मोडी लिहिणाऱ्यांची संख्या थोडी असल्याने केवळ तिच्यासाठी जगभरच्या प्रणाली किती त्वरेने बदलल्या असत्या, हा प्रश्नच आहे. इमोजींच्या मागणीमुळे ते काम झाले आणि मोडीला त्याचा आयता लाभ मिळाला.

अदृश्य जोडक

अनेक इमोजी एकाहून अधिक चिन्हे जोडून बनतात. त्यांना जोडणारे चिन्ह म्हणजे शून्यरुंदी जोडक (संकेतांक ८२०५) होय. ते पडद्यावर दिसत नाही व जागाही व्यापत नाही. शेजारच्या दोन चिन्हांचे एकत्रित रूप दाखवावे, एवढेच ते फाँटाला सांगते. स्त्री शेतकऱ्याची 👩‍🌾 ही इमोजी 👩, जोडक व 🌾 अशा तीन संकेतांकांची आहे. जोडक गळून पडला तर 👩🌾 अशी दोन सुटी चित्रे दिसतात. कुटुंब, व्यवसाय इत्यादी दाखवणाऱ्या शेकडो इमोजी याच रीतीने बनल्या आहेत.

हा जोडक इमोजींसाठी निर्माण झालेला नाही. तो आधीपासून भारतीय व अरबी वळणाच्या लिप्यांसाठी होता आणि मराठीला त्याची विशेष गरज आहे. मराठीत ‘र’ पुढच्या व्यंजनाला दोन प्रकारे जोडला जातो. ‘दर्या’ या शब्दात तो अक्षराच्या डोक्यावर रफार म्हणून येतो, तर ‘दऱ्या’ या शब्दात अक्षराच्या आधी आडव्या चंद्रकोरीसारखा येतो. पहिल्याचा अर्थ समुद्र, दुसरा ‘दरी’चे अनेकवचन. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडी शाळेच्या व्याकरणातही आढळते. चंद्रकोरीचे रूप युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (२३५३) व हलन्त चिन्ह वापरून. दोन, साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि त्यानंतर शून्यरुंदी जोडक वापरून. दोन्हींचे दृश्य रूप सारखेच असते.

अदृश्य चिन्हे हा कचरा आहे असे समजून ती सरसकट काढून टाकणाऱ्या आज्ञावल्या आजही वापरात आहेत. नावे व मजकूर ‘स्वच्छ’ करताना त्या जोडक पुसतात. बालाघाटच्या रांगेतील मांजरसुंबा घाटाचे वर्णन अशा आज्ञावलीतून गेले, तर ‘घाटातील दर्‍या’चे ‘घाटातील दर्या’ होते. म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या बीड जिल्ह्यात समुद्र अवतरतो. इमोजीची मोडतोड तात्काळ नजरेत भरते. येथे मात्र उरलेला शब्दही शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनालाही चूक सापडत नाही. एखाद्या प्रणालीत मराठी सुरक्षित राहते की नाही, हे पाहण्यासाठी 👩‍🌾 ही इमोजी लिहून, साठवून पुन्हा उघडणे ही सोपी चाचणी आहे. ती दुभंगली तर जोडक गळत आहेत असे समजावे.

‘ॲ’ या अक्षराच्या बाबतीतही जोडकाचा वापर झाला. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वी, आणि सवयीने त्यानंतरही, अनेकांनी ‘अ’, जोडक व अर्धचंद्र अशा क्रमाने ते लिहिले. मराठी विश्वकोशीय लेखांच्या शीर्षकांत दोन्ही रूपे आढळतात. दिसायला सारखी असूनही ती संगणकाच्या दृष्टीने भिन्न असल्याने एका रूपाने शोधल्यास दुसऱ्या रूपातील लेख सापडेलच असे नाही. ‘ऱ्य’च्या दोन रूपांचेही तसेच आहे. युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमांत ही रूपे समान मानलेली नाहीत. म्हणून शीर्षकांसाठी पुनर्निर्देशन करून ठेवणे इष्ट असते.

इमोजींमध्ये आणखी एक अदृश्य चिन्ह वापरले जाते. ते म्हणजे रूपनिवडक (६५०३९). काही चिन्हे अक्षरासारखी एकरंगी व चित्रासारखी बहुरंगी अशा दोन्ही रूपांत दाखवता येतात. रूपनिवडक जोडल्यास बहुरंगी रूप मिळते. येथे ‘ॐ’ आणि 🕉️ यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ॐ (२३८४) हे देवनागरीचे अक्षर आहे. ते मजकुराचा रंग व वळण स्वीकारते आणि मंत्र, ग्रंथनाम किंवा व्यक्तिनाम यांत तेच वापरणे योग्य आहे. 🕉️ (१,२८,३२९) हे धर्मचिन्ह असून अनेक उपकरणांवर ते रंगीत चौकोनात दिसते. नावात ते वापरल्यास ‘ॐ’ असा शोध घेणाऱ्याला ते नाव सापडत नाही.

इमोजी शोधणे

भ्रमणध्वनीवर कळफलकातील हसऱ्या चेहऱ्याच्या कळीने इमोजींचा तक्ता उघडतो. विंडोज १० व त्यानंतरच्या आवृत्त्यांत विंडोज कळ आणि पूर्णविरामाची कळ एकत्र दाबावी. मॅक संगणकावर कंट्रोल, कमांड व स्पेस या तीन कळा एकत्र दाबाव्यात. तक्ता उघडण्यासाठी कळफलक मराठी असो वा इंग्रजी, फरक पडत नाही. ही सोय नसलेल्या जुन्या संगणकावर इमोजीपीडियासारख्या सूचीतून चिन्ह उतरवून चिकटवता येते. ती अक्षरेच असल्याने असे केल्याने काही बिघडत नाही.

हजारो चिन्हांतून नेमके चिन्ह हुडकण्यासाठी नावाने शोध घेणे सोयीचे असते. प्रत्येक इमोजीचे नाव व शोधशब्द युनिकोडच्या सीएलडीआर या सामाईक भाषासंचात ठेवलेले असतात. त्यात तारखा, महिन्यांची नावे, चलनाची मांडणी अशा माहितीबरोबर इमोजींची मराठी नावेही आहेत. संबंधित कळफलकाने ती अंतर्भूत केली असतील, तर ‘मांजर’ असे टंकून 🐱 आणि 🐈 ही चिन्हे मिळवता येतात. सीएलडीआरमधील नावे सर्वेक्षणाच्या साधनातून भाषकांनीच सुचवायची व तपासायची असतात. एखादे मराठी नाव अनुवादाच्या खुणा दाखवत असेल, तर ते बदलण्याचा मार्ग खुला आहे. या नावांचा उपयोग शोधापुरता नाही. दृष्टिहीन वाचकांसाठीचे स्क्रीन रीडर इमोजी आढळल्यावर असे नावच उच्चारतात.

चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन दिसला, तर वाचणाऱ्याच्या फाँटात ते चिन्ह नाही असा अर्थ होतो. या चौकोनाला तंत्रज्ञांच्या बोलीत ‘टोफू’ म्हणतात. गुगलच्या नोटो या फाँटसमूहाचे नाव ‘नो टोफू’ यावरून आले आहे. राष्ट्रध्वजांची गोष्ट थोडी वेगळी आहे. 🇮🇳 हा ध्वज ‘आय’ व ‘एन’ या दोन विशेष अक्षरचिन्हांच्या जोडीने बनतो. विंडोजच्या इमोजी फाँटात देशांचे ध्वज नसल्याने तेथे ही दोन रोमन अक्षरेच दिसतात. ध्वजाचा अवमान करण्याचा किंवा पाठवणाऱ्याच्या चुकीचा त्यात काही संबंध नसतो.

वेबपृष्ठावर इमोजी

वेबपृष्ठाची संकेतपद्धती यूटीएफ-८ असल्याची घोषणा पृष्ठाच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत करावी लागते. ती केली असेल आणि संचिकाही त्याच पद्धतीत जतन केली असेल, तर इमोजी मराठी अक्षरांप्रमाणे थेट लिहिता येते. थेट लिहिणे शक्य नसल्यास अँड चिन्ह, हॅश चिन्ह, दशमान संकेतांक आणि अर्धविराम या क्रमाने लिहावे. 🙏 साठी ही मांडणी &#१२८५९१; अशी होते. मात्र येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरी अंक वापरले आहेत. प्रत्यक्ष पृष्ठात आंतरराष्ट्रीय अंकच वापरावे लागतात, कारण ब्राउझर संकेतांकात देवनागरी अंक ओळखत नाही.

फाँटांची यादी देताना इमोजीचा फाँट शेवटी ठेवावा. इमोजी फाँटांत चौकटीतील आकड्यांच्या इमोजींसाठी आंतरराष्ट्रीय अंकही असतात. असा फाँट यादीत प्रथम आला तर पृष्ठावरील दूरध्वनी क्रमांक व तारखा फताड्या, विजोड अंकांत दिसू लागतात. देवनागरी अंकांवर याचा परिणाम होत नाही. त्यामुळे मराठी पृष्ठावर ही चूक बराच काळ लपून राहू शकते.

मजकुराचा सारांश ठरावीक लांबीचा करताना होणारी कापाकापी हे बिघाडाचे आणखी एक ठिकाण आहे. जावास्क्रिप्टमध्ये 🙏 ची लांबी २, 👩‍🌾 ची लांबी ५ आणि ‘मांजरसुंबा’ची लांबी १० भरते. केवळ या मोजणीवर विसंबून मजकूर कापल्यास इमोजीचे दोन तुकडे होतात व प्रश्नचिन्हांकित चौकोन उमटतो. मराठी शब्दही असाच तुटतो. ‘मांजरसुंबा’ सातव्या जागी कापला तर ‘मांजरसु’ उरते आणि सुं वरील अनुस्वार नाहीसा होतो. वाचक ज्याला एक अक्षर मानतो त्या एककानुसार मजकूर विभागणारे इंटल.सेगमेंटर हे साधन आधुनिक ब्राउझरांत उपलब्ध आहे. ते इमोजी व देवनागरी या दोहोंना लागू पडते.

इमोजी केवळ शोभेसाठी असेल तर ती स्क्रीन रीडरपासून लपवावी. तिच्यात अर्थ सामावलेला असेल तर आरिया-लेबल या गुणधर्मातून तिचे मराठी वर्णन द्यावे व पृष्ठाची भाषा मराठी असल्याचे नमूद करावे. भाषा नमूद केली नसेल तर मराठी वाक्याच्या मध्येच इंग्रजी नाव ऐकू येण्याचा संभव असतो. कार्यक्रमपत्रिकेतील वेळ केवळ ⏰ या चिन्हाने, किंवा शुल्क भरल्याची नोंद केवळ ✅ या चिन्हाने दाखवू नये. शेजारी शब्द असावा. ओळीने वीस 🙏 टाकल्यास ऐकणाऱ्याला तेच नाव वीस वेळा ऐकावे लागू शकते.

मराठी वापरातील अर्थ

इमोजीचा अर्थ युनिकोड ठरवत नाही. युनिकोड फक्त नाव देते, अर्थ वापरातून घडतो. 🙏 चे अधिकृत नाव ‘जुळलेले हात’ अशा आशयाचे आहे. जपानमध्ये ते विनंती व आभार यांसाठी रूढ होते. मराठीत ते नमस्कार, आभार, क्षमायाचना, श्रद्धांजली आणि संभाषण संपवण्याची सभ्य खूण अशी अनेक कामे करते. पाश्चात्त्य वाचकांपैकी काहींना त्यात दोघांनी एकमेकांना दिलेली टाळी दिसते. मराठी वाचकाला अशी शंका येण्याचे कारण नाही. 💐 हा पुष्पगुच्छ वाढदिवसाला आणि निधनाच्या बातमीखालीही वापरला जातो. त्यामुळे मूळ संदेश न वाचता केवळ वरच्या प्रतिसादांवरून 💐 पाठवणाऱ्यावर ओशाळण्याची वेळ येते.

२०१९ मधील इमोजी १२.० या संचात पणती 🪔, साडी 🥻, रिक्षा 🛺, हिंदू मंदिर 🛕 आणि पतंग 🪁 ही चिन्हे आली. मोर 🦚 एक वर्ष आधी आला होता. तोवर दिवाळीच्या शुभेच्छांसाठी मेणबत्तीचे चिन्ह वापरावे लागे. ऊस व ज्वारी यांना अद्याप स्वतंत्र चिन्ह नाही. ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडमधील मजकुरात ही उणीव सहज जाणवते. ज्वारीसाठी लोक वापरतात ते 🌾 हे मुळात भाताच्या लोंब्यांचे चिन्ह आहे आणि 👩‍🌾 या इमोजीतही तेच जोडलेले आहे.

नवीन इमोजीसाठी कोणालाही युनिकोड कन्सॉर्शियमकडे विहित मुदतीत प्रस्ताव पाठवता येतो. त्यासाठी चिन्हाचा वापर मोठ्या प्रमाणावर होईल, उपलब्ध चिन्हांनी त्याची गरज भागत नाही आणि लहान आकारातही ते स्पष्ट ओळखू येईल, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते. विशिष्ट व्यक्ती, देवता किंवा व्यापारचिन्हे यांचे प्रस्ताव स्वीकारले जात नाहीत. प्रस्ताव मान्य झाल्यावरही चिन्ह प्रत्यक्ष उपकरणांपर्यंत पोहोचण्यास बराच काळ लागतो.

शिवजयंती किंवा आषाढी वारीच्या संदेशांत भगव्या पताकेसाठी 🚩 हे चिन्ह वापरले जाते. त्याचे नाव केवळ ‘खांबावरील त्रिकोणी ध्वज’ असे असून बहुतेक फाँटांत त्याचा रंग लाल असतो. इंग्रजी भाषक हेच चिन्ह धोक्याच्या सूचनेसाठी वापरतात. कन्सॉर्शियमने २०२२ मध्ये कोणत्याही प्रकारच्या ध्वजाचे नवे प्रस्ताव स्वीकारणे बंद केले. त्यामुळे भगव्या पताकेचे काम मराठी मजकुरात 🚩 कडेच राहिले आहे.